सासुरवाडीतली सेटिंग

लातूरच्या एमआयडीसीत मी सेटर आहे. लेथवर टूल बसवायचं, माप जुळवायचं आणि पहिला नग बरोबर निघाला की मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं, एवढंच काम.

देगलूरला सासुरवाडीत मात्र माझा भलताच मान होता. ओट्यावर बसलो की येणारे-जाणारे नमस्कार करायचे. मला वाटायचं, हातातल्या कसबाची कदर इथंच आहे.

गेल्या दिवाळीत शेजारचे काका जवळ सरकले. "जावईबापू, पोराची बदली नांदेडला करायची हाय. तेवढी सेटिंग लावा."

"काका, मी मशीनची सेटिंग करतो."

"हाव, हाव. असलं उघड बोलायचं नसतंय."

शेवटी मी मोबाइलमधला लेथचा फोटो दाखवला. काकांनी तो निरखून पाहिला. "म्हंजे तुमी कारखान्यात काम करून राहिले? मंत्रालयात कोनी वळखीचं न्हाई?"

"न्हाई."

काका चहा न घेताच उठले. सासरे माझ्यावरच चिडले, "बघतो म्हणायला काय झालं होतं?"

केसाहून बारीक चूक मी मशीनवर पकडतो, पण हा मान कशाचा हे इतकी वर्षं कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम ओट्यावर बसलो. फक्त दूधवाल्यानं नमस्कार केला. त्याला अजून कळलं नसावं.