शिलाईसकट एक शर्ट

नाशिक रोडला गाडीत बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक कॅसेट होती. ती वाजत होती, पण नेमकी जिथं वाजायला हवी तिथं नाही. नवरा म्हणाला, "एका वाक्यासाठी एवढा प्रवास?" मी म्हटलं, "हो." त्यानं पाण्याची बाटली भरून आणून हातात दिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणूस शहाणा होतो.

गोष्ट अशी. माझे वडील, आण्णा, मुखेडला टेलर होते. तिथल्या भीमजयंतीला सटवाजी सोनकांबळे यांची गायन पार्टी यायची. आमच्याकडची पद्धत म्हणजे गाणं रंगलं की माणसं उठून बक्षीस देतात. गायक गाणं अर्ध्यावर थांबवून देणाऱ्याचं नाव जाहीर करतो आणि पुन्हा तिथूनच सूर पकडतो. लोक नोटा द्यायचे. आण्णांकडे नोटा कुठल्या? ते स्वतः शिवलेला शर्ट द्यायचे. पुढं सटवाजींची कॅसेट निघाली, तर तिच्यातही गाण्याच्या मध्येच आण्णांचं नाव! घरात ते एक वाक्य आम्ही इतक्यांदा मागं नेऊन ऐकलं की फीत तिथंच झिजली आणि एक दिवस अडकली. बारा वर्षांच्या मी शहाणपणा करून तेवढा तुकडा कात्रीनं कापला आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली.

आता आण्णा ऐंशीचे झालेत आणि माझ्याकडं राहतात. "माझं नाव कॅसेटमधी हाय," असं ते म्हणाले की माझी मुलं हसतात, "आबा, फेकू नका." अलीकडं आण्णांनी ते सांगणंच बंद केलं होतं. ते मला फार लागलं. कात्री माझी होती ना.

सकाळी नांदेडला उतरले. स्टेशनबाहेर एका गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी दिलेला नाश्ता) खाल्ली. नाशिकच्या मैत्रिणींना मी हे नाव सांगितलं की त्या विचारतात, कोण ही? पहिली प्लेट भुकेपोटी आणि दुसरी आठवणीपोटी संपवली. मग कॅसेटच्या खोक्यावरचा पत्ता शोधत बाजारात गेले. रेकॉर्डिंग कंपनीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. काउंटरवरच्या माणसानं कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"ये तो अब्बांचा माल!" तो खूश झाला. "धंदा बसला, तवा उरलेल्या समद्या कॅसेटा शेतकऱ्यांना फुकट देऊन टाकल्या बघा. फीत ज्वारीवर बांधली की वाऱ्यानं भणभण करती. पाखरू फिरकत न्हाई."

म्हणजे आण्णांच्या नावानं कुणाची तरी ज्वारी राखली होती. हसता हसता मी कॅसेट परत पर्समध्ये ठेवली. सटवाजींचा पत्ता त्याला माहीत नव्हता. "मुखेडात इचारा," तो म्हणाला आणि चहा पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

मुखेडची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. हरभरा गुडघ्याला लागला होता, तुरीला शेंगा लगडल्या होत्या. शेजारच्या बाईंनी कुठं जायचं विचारलं, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "मी मुखेडचीच." उतरल्यावर त्याच ऐटीत, कुणालाही न विचारता, आमच्या जुन्या दुकानाकडं निघाले आणि थेट शेळ्यांच्या बाजारात पोचले. बाजाराचा दिवस होता. एका शेळीनं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. मग मात्र मुकाट्यानं रस्ता विचारला.

दुकानाच्या जागी आता बी-बियाणं मिळतं. समोरचे चहावाले गणपतकाका मात्र तिथंच होते. फक्त चष्मा जाड झालेला.

"केरबा मास्तरची पोरगी? बस, बस. मास्तर हायेत ना?"

"आहेत, ठणठणीत. काका, आण्णांचं नाव कॅसेटमध्ये आलं होतं, आठवतं का?"

काकांनी किटली दाणकन खाली ठेवली. "आठवतं का म्हंजे? म्या पन्नासाची नोट दिलती त्या जयंतीला, पन्नासाची! माझं न्हाई आलं नाव. अन् मास्तरचं शर्टावर आलं!"

एवढी वर्षं झाली तरी त्यांचा राग ताजा होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारायची बाकी ठेवली. आण्णा फेकत नव्हते, याला जगात एक तरी साक्षीदार होता, तोही जळणारा. राग ओसरल्यावर काकांनी सांगितलं, सटवाजी लातूरला स्टुडिओ टाकून बसलाय. दोन ठिकाणी फोन लावून त्यांनी पत्ताही मिळवून दिला.

दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंदमार्गे लातूर गाठलं. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना चारही बाजूंनी वाकळा (जुन्या कपड्यांच्या गोधड्या) ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. मध्ये माइक, कोपऱ्यात संगणक. सटवाजी अंगानं सुटले होते, केस पांढरेशुभ्र, पण "जयभीम, या ताई" म्हणाले आणि तो आवाज तसाच होता. एक तरुण गायिका कानाला हेडफोन लावून गात होती. तिची ओळ चुकली की सटवाजी म्हणायचे, "लई भारी झालं, बाळा. आता बरोबर म्हण."

तिचं काम आटपल्यावर निलंगा राईस, म्हणजे इकडचा झणझणीत मसालेभात, मागवला. खाता खाता सटवाजी आपली वाटचाल सांगत राहिले. आधी जीपच्या टपावर पेटी बांधून गावोगाव कार्यक्रम. मग कॅसेटी. मग सीडी आल्या आणि गेल्या. घरी बसायची वेळ आली तेव्हा बायकोनं हातातली पाटली मोडायला दिली आणि त्यांनी संगणक घेतला. "गाणारा व्हतो, आता गाऊन घेणारा झालो. नव्या पोरींची गाणी काढून राहिलो. माझ्या गाण्यापरीस जास्त चालतात, खरं सांगतो."

मी कॅसेट पुढं ठेवली आणि माझं काम सांगितलं. आण्णांचं नाव ऐकताच त्यांचा हात ताटातच थांबला.

"केरबा मास्तरची लेक तू! माय, मास्तरच्या शर्टाशिवाय मला तान घेता येत न्हव्हती. छातीला दोन इंच ढिला शिवायचे. म्हणायचे, गाणारा माणूस हाय, श्वास घेतो." मग ते एकदम ओशाळले. "पण ते वाक्य म्या कापलं गं. जुनी गाणी संगणकावर चढवली, तवा समदं साफ केलं. नव्या पोरांना मधीच बक्षीस कशाला, म्हणलं."

कात्री मीही चालवली होती आणि यांनीही. डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं.

"रडू नको, थांब." सटवाजी हात धुऊन संगणकापुढं बसले. "तुझ्या बापानंच शिकवलं व्हतं, कापलेली चिंधी फेकायची न्हाई." पडद्यावर त्यांनी एक कप्पा उघडला. त्याला नाव दिलं होतं 'चिंध्या'. गाण्यांतून कापलेलं सगळं तिथं होतं. ढोलकीवाल्याचा खोकला, कुणाचं रडणारं बाळ, फाटलेला सूर. सटवाजी एकेक वाजवून बघत होते. मी वाकळेला टेकून उभी होते. आणि मग खरखरीतून तरुण सटवाजी बोलले:

"मुखेडचे टेलरमास्तर केरबा गायकवाड यांच्याकडून गायकाला एक शर्ट, शिलाईसकट. पार्टी त्यांची आभारी आहे!"

मी ओरडलेच. आतून त्यांच्या पत्नी काय झालं म्हणून धावत आल्या आणि कळल्यावर त्यांनीही ते तीनदा ऐकलं.

"पण एक सांगतो," सटवाजी म्हणाले. "त्या दिशी मास्तर तिथं न्हव्हतेच. नांदेडात बंद खोलीत रेकॉर्डिंग, समोर काच. डोळे मिटून गायला लागलो की मला मुखेडच दिसायचं. गाणं रंगलं, अन् सवयीनं थांबून मास्तरचं नाव घेतलं. कंपनीवाला म्हणला, राहू द्या, झ्याक वाटतंय."

सटवाजींनी ते वाक्य माझ्या मोबाइलवर पाठवलं. परतीच्या गाडीत मी ते किती वेळा ऐकलं, विचारू नका. त्या दिवशी बक्षीस दिलंच गेलं नव्हतं, हे आण्णांना सांगावं का, एवढाच घोर होता. शेवटी ठरवलं, सांगायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं सुख कशाला उसवायचं?

घरी पोचताच मुलांना समोर बसवलं आणि मोबाइल मोठ्यानं लावला. आण्णांचं नाव आलं, तशी मुलगी टाळ्या वाजवत उठली. मुलगा म्हणाला, "आबा, सॉरी. खरंच सॉरी." आण्णांचा चेहरा असा उजळला की तेवढ्यासाठी मी पायी मुखेडला गेले असते. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि मग विचारलं, "बाई, माप आणलंस का?"

"कसलं माप?"

"सटवाजीचं. रेकॉर्डिंगला मी कुठं व्हतो? ह्यो शर्ट म्या शिवलाच न्हाई. समदा गाव 'मास्तर, नाव आलं' म्हणायचा, अन् मी आपला मान हलवायचो. शर्ट ऱ्हायलाच."

मी शेंगदाण्याची चटणी आणली होती, करडईचं तेल आणलं होतं, माप तेवढं आणलं नव्हतं. लातूरला फोन लावून आण्णांच्या हातात दिला. पलीकडून सटवाजींचं हसणं खोलीभर ऐकू आलं, मग त्यांच्या पत्नीची मापाची टेप शोधायची धांदल.

"छाती किती?" आण्णा ओरडले.

"चव्वेचाळीस, मास्तर!"

"छत्तीस व्हती की रे!"

"तवा पोटाला मिळत न्हव्हतं!"

आण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडा लिहिला, त्याच्याखाली रेघ ओढली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "उद्या कापड आण. पांढरं. अन् दोन इंच जास्तीचं धर."