कपाने मोजलेली येसर आमटी

हे गेले आणि माझ्या हाताचा अंदाजही गेला. हे झोपेतच गेले, मुकुंदवाडीच्या आमच्या घरात. रडू फारसं आलं नाही. लोक यायचे, मी पाणी द्यायचे, कोण काय बोललं ते कानावरून जायचं. दिवस झाले, पाहुणे पांगले, मुलगी अमेरिकेला परतली. मी भाजी-भाकरी करत होते आणि ओट्यापाशी उभ्यानंच खात होते.

शेजारीण मूळची फुलंब्रीकडची. एकदा दुपारी आली, तिला वाटीभर भाजी दिली. एक घास खाऊन ती थांबली.

"काकू, मीठ दोनदा पडलं व्हय?"

मला काही कळलं नव्हतं. सकाळी तीच भाजी मी खाल्ली होती.

तिनं ते माझ्या मुलीला कळवलं असणार. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळ होती.

"आई, आता मापानं करत जा. मी इथं तसंच करते. येसराची आमटी कर. चार कप पाणी, पाव कप येसर."

येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला त्याचीच आमटी असते. आयुष्यभर मी ते मुठीनं घातलं. तिनं सांगितलं तसं चार कप पाणी उकळलं, पाव वाटी येसर कालवून घातलं. आमटीचं पिठलं झालं.

"कोणता कप घेतलास?"

मी कप फोनसमोर धरला, येसराची वाटीही दाखवली.

"अगं, हा चहाचा. इथला कप दोनशे चाळीस मिलीचा असतो. आणि येसरही त्याच कपानं मोजायचं, वाटीनं नाही."

मग गुलमंडीवरून एक प्लास्टिकचं मापपात्र आणलं. एका बाजूला मिलिलिटर, दुसऱ्या बाजूला कप. मापाच्या चमच्यांचा जुडगाही घेतला. चिंच तिनं अर्धा औंस सांगितली. औंस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. "चौदा ग्रॅम धर," ती म्हणाली. घरात छोटा वजनकाटा होता. यांना साखर निघाली तेव्हा भात मोजायला आणलेला. तो पुसून घेतला आणि चिंच ठेवली.

फोन समोर टेकवून ठेवला होता. मीठ दीड टीस्पून, म्हणाली.

"ही मापं कुठल्या पुस्तकातली?"

"पुस्तकातली नाहीत. तुझ्या हातातली आहेत. मागं आले होते तेव्हा तू मीठ घेतलंस की मी तुझा हात धरायचे आणि आधी चमच्यात ओतायला लावायचे. विसरलीस?"

आठवलं. मी तेव्हा वैतागले होते, स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणून. हे टेबलाशी बसून हसत होते. म्हणाले होते, "शिकू दे तिला. तिथं कोण आहे तिला करून घालायला?"

इथं रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग विचारलं, "गूळ किती?"

आमटी झाली. शेजारणीनं चाखली आणि म्हणाली, "ही तुमची आमटी, काकू. लई दिवसांनी." मला काहीच कळत नव्हतं, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला. उरलेली डब्यात भरून तिलाच दिली, कारण ते माप तिघांचं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, "एकटीचं माप सांग."

तिचा चेहरा फोनमधून बाजूला गेला, नुसती भिंत दिसत होती. मग तिचा आवाज आला. "निम्मं कर, आई. दोन वेळा पुरेल. दोन कप पाणी. दोन टेबलस्पून येसर. मीठ पाऊण टीस्पून. चिंच सात ग्रॅम."

ती रडत होती. मी मापपात्रात दोन कपांच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. थोडं जास्त झालं होतं, ते चमच्यानं काढलं. असं काढता-घालताना बरं वाटायचं, म्हणजे काहीच वाटायचं नाही, आणि तेवढंच मला झेपत होतं.

त्या दिवशी ताट वाढून घेतलं आणि खाली बसून जेवले. मुलगी फोनवर होती, तिनं टोस्ट खाल्ला. चव पुढं उन्हाळ्यात कधीतरी परत यायला लागली, नेमकी कधी ते सांगता येणार नाही. आमटी मी अजूनही मोजूनच करते.