पायाळू बाळाबाई आणि अन्नछत्राची हवेली

बाळाबाई जन्माला आली ती पायांकडून. डोकं आधी यायचं सोडून पाय आधी आले आणि तेवढ्यावरून तिच्या नावाला जन्मभरासाठी ‘पायाळू’ चिकटलं. आमच्या गल्लीत कुणाची उसण भरली की पहिली हाक तिला जायची. माणूस पालथा पडायचा, ती त्याच्या पाठीवर हलकी लाथ द्यायची आणि तो उठून चालायला लागायचा. मी शिंपी, दिवसभर मशीनवर वाकून बसणारा. मीही तिच्या लाथा खाल्ल्या आहेत. उसण लाथेनं जायची की आपली आपण, ते देव जाणे. पण लाथ दिल्यावर ती अशी काही हसायची की निम्मं दुखणं तिथंच सरायचं.

हा झाला पायाळूपणाचा गोड भाग. वाईट भाग असा की पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, असं लोक मानतात. नुसतं दिसतं एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण धनावरचा राखणदार नाग पायाळूचा जीव घेतल्याशिवाय बाजूला होत नाही, असंही तेच लोक सांगतात. लहानपणी त्यांच्या गावच्या, मंद्रूपच्या बाजारात कुणी परका माणूस तिच्या पायांकडे टक लावून बघायला लागला की तिची आई फुलाबाई तिला लुगड्याआड ओढून घ्यायची. बाळाबाईची चाळिशी उलटली, सोलापुरात संसार मांडला, तरी ती धास्ती तिच्या पोटातून गेली नव्हती.

तिचा नवरा धुळा धनगराचा. मेंढरं संपल्यावर काठी घेऊन शहरात आला आणि आमच्या पेठेतल्या हवेलीवर राखणीला राहिला. ही हवेली म्हणजे पेठेचं नाक. काळ्या दगडाचा चौथरा, वर सागवानी मजला, दारावर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. लोक तिला अन्नछत्राची हवेली म्हणत. अठराशे शहात्तर सालच्या मोठ्या दुष्काळात मालकाच्या आजोबांनी म्हणे याच दारात अन्नछत्र घातलं, जमिनीखालची धान्याची पेवं उपसून दाणा न् दाणा वाटला, रिकामी पेवं मातीनं बुजवली आणि शेवटी स्वतः अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढले. पेठेतली माणसं त्या दारासमोरून जाताना पायातलं काढून हातात घेत. मीही घ्यायचो. आता घेत नाही, आणि का घेत नाही तेच सांगायला बसलो आहे.

गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची. हवेलीचे मालक तेव्हा विरुपाक्ष अण्णा. घरात कानडी बोलणारे, बाहेर आमच्याशी मराठी. माणूस उर्मट नव्हता, पण एकदा डोक्यात घेतलं की ते काढणं कठीण. त्यांचे वडील त्या वर्षी गेले. जाताना वाचा जात आली होती, तरी त्यांनी पोराचा हात धरून कोठीच्या खोलीकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘‘तिथली जमीन उकरू नको.’’ दुसरा कुणी असता तर उकरली नसती. अण्णांनी अर्थ काढला की तिथं धन आहे. आपल्याकडे बापानं मरताना ‘नको’ म्हटलं की पोराला त्यात ‘पुरलंय’ ऐकू येतं. एक देवरुषी गाठला, त्यानं सांगितलं की अवसेला पायाळू आणा, पहिलं पाऊल पायाळूचंच पडलं पाहिजे.

आणि पायाळू तर राखणदाराच्याच घरात होती!

धुळानं घरी येऊन सांगितलं तेव्हा बाळाबाईच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली. ‘‘मी न्हाय यायची,’’ ती म्हणाली. ‘‘त्यास्नी सांग, माझी बायकू मेली म्हणून.’’

धुळा खाली मान घालून बसला. मालकाला नाही म्हणायचं म्हणजे राखण सोडून परत माळावर जायचं, आणि माळावर आता होतं काय? शेजारच्या बाया जमल्या. सगळ्यांचं एकच, जाऊ नको, जिवानिशी जाशील. मीही तेच म्हणालो. जा म्हणाली ती एकटी फुलाबाई, आता लेकीकडेच राहणारी. लेकीला जन्मभर लुगड्याआड लपवणारी हीच म्हातारी.

‘‘त्या घराला भिऊ नगंस,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दारात मी हुबी ऱ्हायलेली हाय. दुष्काळात. बारकी हुते. आमचा येडू माझ्या कडंवर. छत्र बंद झालं हुतं. म्हातारा मालक भाईर आला, हात जोडलं आन् आमच्या म्होरं रडला. म्हनला, पेवं संपली गं लेकरानू, माझ्याच घरात दाना न्हाय. लई रडला. जो मानूस परक्याच्या पोरांसाटी रडतो, त्याचं घर कुनाचा जीव घ्यायचं न्हाय.’’

येडू तिचा धाकटा भाऊ. त्याचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आईच्या त्या एका शब्दावर बाळाबाई निघाली.

रात्री कुदळीचा आवाज पेठभर जाईल, म्हणून अण्णांनी अवसेची दुपार धरली होती. दुपारी गिरणीच्या घरघरीत सगळं बुडून जातं. घरातली माणसं कुंभारी गावाला नातेवाइकांकडे धाडली होती. आत अण्णा, देवरुषी, धुळा आणि बाळाबाई. दाराला अडसर पडला तेव्हा तिला वाटलं, झालं, आता आपण बाहेर येत नाही. हे मला तिनंच नंतर सांगितलं. म्हणाली, ‘‘भाऊ, पाय माजं न्हवतंच. दुसऱ्याच्या पायावर चालल्यावानी चालत हुते.’’

देवरुष्यानं तिच्या डोळ्यांत काजळ घातलं आणि विचारलं, काय दिसतं? डोळे चुरचुरत होते, पाणी येत होतं. तिला कोनाड्यातली उतरंड दिसली, भिंतीवरची पाल दिसली. धन काही दिसेना. मग तिला अनवाणी चालायला लावलं. कोठीची खोली म्हणजे धान्य ठेवायची जागा, पण तिथं पोती कधी नसायची. नुसती सारवलेली जमीन. मधोमध आल्यावर टाचेखाली भुई पोकळ वाजली. तिनं पाय उचलला तो तसाच हवेत राहिला.

‘‘हितंच!’’ देवरुषी ओरडला.

धुळानं कुदळ घातली. सारवणाखाली चुन्याचा गिलावा, गिलाव्याखाली माती आणि राख, राखेखाली एक वाटोळी शिळा. अण्णांनी धोतर खोचलं आणि स्वतः पहार लावली. शिळा सरकली आणि आतून एक आंबूस, कोंदट वाफ वर आली. देवरुषी दोन पावलं मागं झाला. अण्णांचे डोळे मात्र लकाकले.

‘‘पहिलं पाऊल हिचं,’’ ते म्हणाले. ‘‘उतर गं.’’

बाळाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तेव्हा धुळानं कमरेला दोर बांधला. ‘‘मालक, ती नको. मी तिचा नवरा, मी उतरलो काय आन् ती काय,’’ असं म्हणून त्यानं दोराचं दुसरं टोक खांबाला बांधलं, भोकाच्या काठावर बसून पाय आत सोडले.

आणि तो वास बाळाबाईच्या डोक्यात शिरला. ओळखीचा वास. मंद्रूपला तिच्या चुलत्याचं पेव एका पावसाळ्यानंतर उघडलं होतं. गडी घाईनं आत उतरला तो वर आलाच नाही, त्याला काढायला गेलेला त्याचा भाऊही तिथंच पडला. तेव्हापासून गावात पेव उघडलं की ते तसंच टाकत, वारं खेळू देत, मग आधी दिवा सोडत. दिवा तगला तर माणूस. आमच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण धनाचं नाव निघालं की माणसाचं ठाऊक असलेलंही जातं.

‘‘अवो, वर या! पेव हाय ह्ये!’’ ती किंचाळली.

‘‘पेव?’’ अण्णा उखडले. ‘‘या हवेलीत पेव कुठलं? आजोबांनी सगळी बुजवली, अख्ख्या सोलापूरला माहीत आहे. धुळा, ऐकू नको तिचं.’’

ती देवघराकडे धावली. सोवळं-ओवळं कसलं आलंय त्या वेळी! जळती पणती उचलली, दोरीच्या शिंक्यात ठेवली आणि धुळाच्या मांडीशेजारून आत सोडली. पणती त्याच्या पावलांपर्यंतही गेली नाही. ज्योत बारीक झाली आणि विझली.

‘‘नागाची फुंकर!’’ देवरुषी पुटपुटला. ‘‘राखणदार जागा झाला. आता थांबलात तर धन हललं म्हणून समजा.’’

अण्णांना तेच ऐकायचं होतं. ‘‘उतर!’’ ते धुळावर गरजले. आणि धुळा, खुळा माणूस, सवयीनं मालकाचं ऐकणारा, हातांवर भार देऊन खाली सरकला. खांदे भोकात गेले. मग त्याची मान एका बाजूला कलली. हात काठावरून सुटले आणि दोर ताणला.

बाळाबाईनं काय केलं ते सांगताना ती नेहमी आधी घोटभर पाणी प्यायची. तिनं दोर धरला, भिंतीला पाय रोवले आणि ओढला. देवरुषी दाराचा अडसर काढून पळाला होता. अण्णा खांबासारखे उभे. ‘‘धरा की! मानूस मरतुया माजा!’’ म्हणून ती त्यांच्या अंगावर ओरडली. आयुष्यात मालकापुढं डोक्यावरचा पदर खाली न येऊ दिलेली बाई ती. अण्णा भानावर आले, त्यांनी दोराला हात घातला आणि दोघांनी मिळून धुळाला वर खेचलं. ओठ निळे पडले होते. अंगणात आणून त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. बराच वेळ काही नाही. मग तो ओकला आणि बाळाबाईला रडू फुटलं.

पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवलं. बाळाबाईला परत जायचं कारण नव्हतं, पण ती गेली. म्हणाली, ज्यानं माझ्या नवऱ्याला गिळलं होतं त्याचं तोंड मला बघायचं होतं. या वेळी दिवा सोडला तो जळत राहिला. त्याच्या उजेडात वरूनच दिसलं. उतरायला जागाच नव्हती. माणसाच्या उंचीएवढं खाली गेलं की पुढं सगळं भरलेलं होतं.

अण्णांनी बादली सोडली. वर आली ती काळी ढेकळं. त्यांनी एक ढेकूळ चुरगाळलं. हातावर जळल्यासारखे दाणे पसरले.

‘‘जोळ,’’ ते म्हणाले. मग मराठीत, अगदी हळू, ‘‘ज्वारी.’’

कोणी काही सांगायची गरज नव्हती. आजोबांनी छत्र घातलं हे खरं. काही पेवं वाटली हेही खरं असेल. पण हे एक, सगळ्यांत मोठं, राखून ठेवलं. भाव अजून चढेल म्हणून, की आपल्याच पोराबाळांना पुरायला हवं म्हणून, ते आता कोण सांगणार? मग पाऊस झाला, दुष्काळ सरला आणि हवेलीला अन्नदात्याचं नाव पडलं. त्या नावाखाली हे पेव उघडायचं कसं? उघडलं तर पेठ बघणार. म्हणून त्यावर गिलावा केला, जमीन सारवली आणि दाणा आत कुजू दिला. बापाला माहीत होतं, म्हणून तो ‘नको’ म्हणाला. माणसं मेली तरी चालतील, पण नाव मरायला नको! मला आजही हे आठवलं की सुई बोटात शिरते.

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. काल ‘उतर गं’ म्हणणारा माणूस आज हात जोडून म्हणाला, ‘‘बाळाबाई, तुम्ही हे कुणाला सांगू नका. घराची अब्रू आहे. धुळाला मी कायमचा ठेवतो.’’

बाळाबाईनं खाली वाकून त्या काळ्या दाण्यांची एक मूठ पदरात बांधली आणि अण्णांच्या देखत बाहेर पडली.

घरी धुळा गोधडीवर पडून होता आणि फुलाबाई त्याला पेज पाजत होती. मी दारातच होतो, विचारपूस करायला आलो होतो. बाळाबाईनं वाटेत ठरवलं होतं की आईला सांगायचं नाही. या वयात म्हातारीच्या मनातला तेवढा एक देवमाणूस तरी कशाला काढून घ्या! पण फुलाबाईनं तिच्या पदराची गाठ बघितली.

‘‘काय सापडलं गं?’’

म्हातारीनं स्वतःच गाठ सोडली. दाणे तळहातावर घेतले, बोटानं फिरवले, नाकाशी नेले. आयुष्यभर ज्वारी निवडलेली बाई, तिला कोण फसवणार?

‘‘जुंधळा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘कुटला?’’

‘‘हवेलीतला. पेवातला. त्या टायमाचा.’’

‘‘किती हुता?’’

‘‘भरल्यालं पेव हुतं, आई.’’

फुलाबाईनं पेजेची वाटी खाली ठेवली. मग पहिल्यांदाच तिनं बाकीचं सांगितलं. मालक आत गेल्यावर ती येडूला घेऊन तिथंच दारातल्या दगडी हत्तीला टेकून बसली होती. उठायचं बळ नव्हतं आणि ज्याच्या घरातही दाणा नाही त्याला पुन्हा काय मागायचं, असं तिला वाटलं. सकाळी येडू गार पडलेला होता. तेव्हाही तिनं त्या घराला बोल लावला नाही.

धुळा उठून बसायला लागला, बाळाबाईनं त्याला परत निजवलं. म्हातारी दाण्यांकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता शिव्या देईल, ऊर बडवेल. मी त्याचीच वाट बघत होतो, खरं तर मलाच शिव्या द्यायच्या होत्या. पण तिनं मान वर करून लेकीला विचारलं, अगदी साधं, लहान मुलानं विचारावं तसं:

‘‘मंग त्यो रडला कशाला गं?’’