पाटणकर भावजींची अमेरिका

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. मस्कतमधल्या स्वयंपाकघरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठतात. फेकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. माझ्या कपाटात सध्या फक्त पाटणकर भावजी आहेत.

हे भावजी मस्कतच्या अल् खुवैर भागात एका कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर. दर शुक्रवारी आम्हा आठ मराठी कुटुंबांपैकी कोणाच्या तरी घरी अभ्यासमंडळ भरतं. अभ्यास भावजी करतात, भाषण भावजी करतात, पोहे आम्ही करतो. यंदाचा विषय, महायुद्धानंतरची अमेरिका.

*

पहिला शुक्रवार त्यांच्याच घरी. "गरज नसताना वस्तू घ्यायची सवय अमेरिकेनं जगाला लावली!" भावजी गरजले. "एका घरात दोन-दोन फ्रिज! कशाला? सांगा ना, कशाला?"

मी ज्याला टेकून बसले होते, तो त्यांचा दुसरा फ्रिज होता! किचनमध्ये मावला नाही म्हणून हॉलमध्ये ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. यात काय असतं म्हणून मी मेधाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हळूच विचारलं.

"पाणी," ती म्हणाली.

*

दुसरा शुक्रवार आमच्याकडे. विषय, मोटार. आमची बिल्डिंग त्यांच्या अगदी शेजारी, मधे फक्त एक लाँड्री. मेधा चालत आली, तिचा चहासुद्धा पिऊन झाला, तरी भावजींचा पत्ता नाही. गॅलरीतून बघते तर काय! पार्किंग शोधत गाडीतून चौथी फेरी मारत होते. शेवटी गाडी नेऊन लावली ती त्यांच्याच बिल्डिंगखाली.

घाम पुसत आले आणि लगेच सुरू झाले, "मोटारीमुळे अमेरिकन माणूस चालायचंच विसरला हो!"

*

आणि त्या घरापुढच्या हिरवळीचं काय सांगू! तिकडे म्हणे शेजाऱ्यापेक्षा आपलं गवत हिरवं दिसावं म्हणून माणसं जिवाचं रान करायची. "बावळट लेकाचे!" इति भावजी.

भावजींच्या स्वतःच्या गॅलरीत प्लास्टिकचं गवत आहे. समोरच्या फ्लॅटवाल्यानं घातलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणलं. मेधा त्यावर व्हॅक्यूम फिरवते.

*

या मेधाचं मात्र मला हसू येत नाही, संताप येतो. सिव्हिल इंजिनिअर बाई! पुण्यात पुलांची डिझाइन्स करायची. इथे आली नवऱ्याच्या व्हिसावर, आणि सहा वर्षं घरी बसली. महिन्यापूर्वी तिला एका कन्सल्टंटकडे नोकरी मिळाली. त्यासाठी स्पॉन्सरची, म्हणजे नवऱ्याची, ना-हरकत लागते. फक्त एक सही! तो फॉर्म तीन आठवडे त्याच दुसऱ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत होता.

"इन्शाल्ला, करू," भावजी म्हणायचे. त्यांच्या तोंडून इन्शाल्ला आलं की काम बारगळलं, हे आम्हा बायकांना पाठ आहे. एकदा तर म्हणाले, "तुला इथे कमी काय आहे? डिशवॉशरसुद्धा घेतला की!"

रविवारी फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती.

*

त्याच्या आधीच्या शुक्रवारी मंडळ पुन्हा त्यांच्याकडे. विषय, युद्धानंतरच्या बायका. भावजी काय बोलले, काय बोलले!

"पुरुष लढायला गेले तेव्हा याच बायकांनी कारखाने चालवले. विमानं बनवली! आणि युद्ध संपल्यावर? हातात वॉशिंग मशीन दिलं आणि सांगितलं, बसा घरी! केवढा हा अन्याय!" डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! पुरुषमंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मेधा उठली. फ्रिजवरून फॉर्म काढला आणि भावजींच्या पुढ्यात ठेवला.

"अजय, सही."

भावजींनी फॉर्म वाचल्यासारखं केलं, चष्मा पुसला, खिसे चाचपले. मग टेबलावरचं पेन उचलून कागदाच्या कोपऱ्यावर दोनदा ओढलं.

"अगं, पेन चालत नाहीये."

आम्ही सातही जणींनी एकदम पर्स उघडल्या.