भावजींची चार प्लेनं

माणसाने एकतर विचार करावा नाहीतर काम करावं, दोन्ही एकट्याने करू गेलं की घोटाळा होतो, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे आणि ते आमचे भावजी लागतात. म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, आक्काचे यजमान. इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग शिकवतात. पूर्वी नेटवर्कातला प्रत्येक डबा माहिती कुठल्या वाटेने पाठवायची हे स्वतःच ठरवायचा. आता ठरवणारा एका जागी बसतो आणि डबे नुसते सांगितलेल्या वाटेने माहिती ढकलतात, ही गोष्ट ते दूधवाल्यालाही सांगतात. यात चार प्लेनं, म्हणजे कामाचे चार थर असतात, असं त्यांच्या तोंडून सारखं ऐकून शेजारच्या आजी बरेच दिवस त्यांना विमानतळावरचे साहेब समजत होत्या.

घरात भावजी स्वतःकडे कायम ढकलणाऱ्या डब्याचं, म्हणजे डेटा प्लेनचं काम घेत. एकदा आक्काने कोथिंबीर आणायला पाठवलं, तर मंडईतून फोन. "कोथिंबीर संपलीय. मेथी आहे, पण मेथीचा नियम तू दिलेला नाहीस."

"मग रिकामं या की," आक्का वैतागून म्हणाली. ते खरंच रिकामी पिशवी घेऊन आले आणि सांगितलेलं काम चोख केल्याच्या समाधानात चहा मागू लागले.

पण एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि जेवणावळीचं कंट्रोल प्लेन, म्हणजे ठरवणाऱ्याचं काम, त्यांनी स्वतःकडे घेतलं. मुलाकडची मंडळी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची, मानपानाला कडक. "त्यांना काही कमी पडू नये," एवढंच आक्का म्हणाली. "झालं, तू ॲप्लिकेशन प्लेन," भावजी म्हणाले. "काय हवं ते तू सांगायचं, कसं ते मी बघतो." वाढप्यांचे फोन चार्ज आहेत का, बादल्या पुरेशा आहेत का, हे बघायचं मॅनेजमेंट प्लेन माझ्या गळ्यात पडलं. सहा वाढप्यांना प्रत्येकी एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीत नसेल ते मनाने करायचं नाही, फोन करून विचारायचं. स्वतः भावजी स्टेजच्या कोपऱ्यात, सगळी पंगत दिसेल अशा खुर्चीवर बसले.

पहिली दहा मिनिटं काम इतकं सुरेख चाललं की मलाही गहिवरून आलं. मग नवऱ्या मुलाच्या आजोबांनी मज्जिगे मागितलं. कानडीत मज्जिगे म्हणजे ताक, आणि ते एकाही चिठ्ठीत नव्हतं. आजोबांचं ऐकून सगळ्या रांगांना ताकाची आठवण झाली. सहाही वाढप्यांनी एकदम फोन लावले. एकाचा लागला, चार जण बादल्या खाली ठेवून, फोन कानाला लावून उभे. भावजी एकालाच समजावत होते, "थांब, ताकाचा मार्ग आखतोय."

बुंदीवाल्याच्या चिठ्ठीत मात्र 'ताट रिकामं दिसलं की दोन मुठी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आजोबा ताकासाठी ताट रिकामं करत आणि हा एका हाताने फोन सांभाळत बुंदी टाके. आजोबांनी ती शेजारच्या ताटात सारली. हा पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर निम्मी पंगत उठू लागली. आक्काचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा भातवाली मल्लव्वा पुढे झाली. तिने फोन कमरेला खोचला, "कूड्री अज्जा," म्हणत आजोबांना खाली बसवलं, आत जाऊन ताकाचं भांडं आणलं आणि कुणालाही न विचारता सगळ्या रांगांत वाढलं. आजोबा दोन वाट्या ताक प्यायले आणि हसले. भावजी खुर्चीवरून उठून तिच्यापाशी गेले.

"चिठ्ठीत नव्हतं की हे," ते म्हणाले.

"म्हाताऱ्या माणसाला ताक द्यायला चिठ्ठी कशाला लागती, सर?"

भावजींनी एक बादली उचलली आणि शेवटच्या रांगेला स्वतः वाढायला गेले.

संध्याकाळी मुलगी गाडीत बसली. आक्का रडत होती, मीही. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "सर, कुठनं घेऊ गाडी?" भावजींना दुधनीपर्यंतचे सगळे रस्ते, फाटे, खड्डे पाठ. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी गाडीच्या दारावर नुसता हात ठेवला होता.

"हळू घ्या," ते म्हणाले. "कुठनंबी घ्या, पण हळू घ्या."