नानांचं परदेशी द्राक्षासव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मला मध्ये थांबता यायचं नाही. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा मी! आणि माझ्याच हातून असं व्हावं? अजून आठवलं की कानशिलं तापतात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नववीत शाळा सुटली आणि मी धुळ्याला देवपुरात वसंतभाऊंच्या दुकानात मोटारी भरायला लागलो. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवी तार गुंडाळायची. हात चांगला चालायचा. तोंड मात्र चालायचं नाही. दुकानात एखादी बाई आली की मी मोटारीत डोकं घालायचो. मोटार नसली तर पंख्यात!

अशा माणसाचं लग्न जमावं कसं? पण जमत आलं होतं. सोनगीरजवळच्या खेड्यातली सुमन. मी तिला पाहून आलो होतो. म्हणजे तिनं मला पाहिलं, मी पोह्यांच्या बशीकडे पाहत होतो. तिला मी पसंत होतो. का, ते मी आजही विचारलेलं नाही. घाबरतो.

अडलं होतं तिच्या वडलांपाशी. नाना म्हणजे गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. हातात जाडजूड काठी. त्या काठीनं त्यांनी हातभट्टीचे किती माठ फोडले, ते गाव अजून सांगतं. त्यांची अट एकच. जावई गरीब चालेल, अडाणी चालेल, पण पिणारा नको.

वसंतभाऊ म्हणाले, "मग अर्धं लग्न झालंच की रे! तुझ्यात सांगण्यासारखं दुसरं आहे काय?"

हिवाळा होता. वसंतभाऊंचं शेत सुमनच्या गावाला लागूनच होतं, तिथे भरीत पार्टी ठरली. नाना येणार, भरीत खाणार, मला नीट पाहणार आणि काय तो निकाल देणार.

त्याच आठवड्यात वसंतभाऊंचा मेव्हणा आला. अरुणदादा. परदेशी जाणाऱ्या बोटीवर आचारी. त्यानं शेतात माझ्या हातात एक काळपट हिरवी बाटली दिली. लहान बाळ द्यावं तशी.

"जपून हं. ही रेड आहे. एकदम कडक."

रेड म्हणजे लाल, एवढं मला नववीपर्यंत कळलेलं होतं.

"कसलं आहे दादा?"

"द्राक्षांचं. वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरवलेलं. जेवणाबरोबर थोडं थोडं घ्यायचं. पचनाला चांगलं, काळजाला चांगलं. आणि कशाबरोबर घ्यायचं? निखाऱ्यावर भाजलेल्या खाण्याबरोबर! तिकडे लोक बनियनवर अंगणात बसून कोळशावर मांस भाजतात आणि बाजूला हीच बाटली. काही थाट नाही. धूर, तेल, तिखट असलं की ही तुरट चव अशी खुलते म्हणतोस! म्हटलं, आपल्या भरताबरोबर बघू. बूच आधीच काढून ठेव. तिला श्वास घेऊ दे."

आता तुम्हीच सांगा. द्राक्षांचं, मुरवलेलं, तुरट, जेवणाबरोबर थोडं थोडं, पचनाला चांगलं. हे काय झालं?

द्राक्षासव!

आमच्या घरी आजोबा ते रोज घ्यायचे. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्यांना देतात, औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. आणि आमच्याकडची दारू पाण्यासारखी पांढरी असायची. लाल रंगाची दारू मी बापजन्मी ऐकली नव्हती. अरुणदादानं तो शब्दही काढला नाही! मी आपला एक स्क्रू बुचात पिळला, पक्कड लावून ओढला आणि बाटली बांधावर ठेवली. मग तिच्यासमोर बसून राहिलो. श्वास काही घेताना दिसली नाही.

नाना आले. पांढरंशुभ्र धोतर, ती काठी. मी पाया पडलो. ते म्हणाले, "बोल रे पोऱ्या." मी त्यांच्या काठीकडे बघत राहिलो.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, हिरवी वांगी भाजली, वसंतभाऊंच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, बडगीच्या लाकडी उखळीत मिरच्या-लसूण घालून ठेचली. आणि पाहतात तर काय, दही विसरलेलं! वसंतभाऊ आणि अरुणदादा स्कूटरवर सोनगीरला पळाले. वहिनी विहिरीपाशी पुऱ्या तळायला बसल्या. उरलो मी, नाना आणि टोपलंभर भरीत.

"दह्यासाठी कोन थांबस?" म्हणत नानांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींचा हात मिरचीला सढळ.

"काय आग शे रे! माझं पोट आधीच बिघडेल शे. जेवलं की गुबारा धरतो." मग त्यांना बाटली दिसली. "हाई काय शे?"

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला चटकन उत्तर सुचलं. न सुचतं तर बरं झालं असतं!

"द्राक्षासव, नाना. परदेशी. जेवणाबरोबर घेतात. पचनाला."

नानांनी वास घेतला. "वास तर तोच शे. मी बी घेतो, वैद्यांचं. दे दोन चमचे."

चमचा कुठला? सोनगीरचं पितळी फुलपात्र होतं. ओतलं. नानांनी घोट घेतला, तोंड कसनुसं केलं. "तुरट शे. औषध तुरटच पाहिजे." वर भरताचा घास घेतला. आणि एकदम थांबले.

"आरे! तिखट कुठे गेलं?"

पुन्हा घोट. पुन्हा घास. डोळे मिटले. "पोऱ्या, आता धुराची चव लागस. वांग्याची बी लागस. साठ वर्षं भरीत खातोय, पन हे आज कळलं! वैद्य म्हणतो जेवणानंतर घे. त्याले काय अक्कल शे? हे भरतासंगेच घ्यायचं!" आणि फुलपात्र पुढे आलं. "आखो थोडं दे."

मी दिलं. नाही म्हणायला मी कोण? सासरा औषध मागतोय! मनात म्हटलं, लग्न जमलं.

नाना खुलले. आधी माझ्या हाताची तारीफ, मग मोटारीची. मग काठी आपटून उभे राहिले आणि बांधावर चरणाऱ्या बैलाला भाषण द्यायला लागले!

"दारूनं बठ्ठी घरं मोडली!" घोट. "दारू पिणारा मानूस स्वतःले राजा समजस!" घोट. "मी हाये तोवर या गावात थेंब येऊ देणार नही!" आणि थेंबासाठी फुलपात्र उलटं केलं.

बैल ऐकत होता. मीही ऐकत होतो. काय तळमळ ती! माझे डोळे भरून आले. त्यांचेही आले. मला मिठी मारून म्हणाले, "पोर तुले दिली!"

तेवढ्यात स्कूटर आली. अरुणदादा दह्याचं पातेलं घेऊन उतरला आणि त्याला बांधावरची आडवी बाटली दिसली.

"अरे, माझी रेड वाइन! सगळी? आणि पितळी भांड्यात? एवढी भारी दारू कोणी संपवली रे?"

दारू!

वसंतभाऊंचं तोंड उघडं. माझ्या पायाखालची ढेकळं सरकली. निखाऱ्यात एक वांगं राहिलं होतं, ते फट्टकन फुटलं आणि मी उडालो. नाना फुलपात्राकडे असे बघत होते, जसं काही त्यात साप आहे.

"दारू?" ते म्हणाले.

"द्राक्षासव..." मी म्हणालो.

नाना खाली बसले. काठी मांडीवर घेतली. ज्या काठीनं माठ फुटले, तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझं डोकं. लग्न तर गेलंच, निदान जीव तरी राहू दे! पण त्यांनी काठी उचलली नाही.

"गावात वास जाईल," ते हळूच म्हणाले. "मंडळाचा अध्यक्ष झिंगून आला, म्हणतील. मंग कोन ऐकेल माझं? फुटलेले माठ उद्या पुन्हा लागतील."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोऱ्या, लगीन करनं शे ना तुले?"

"हो, नाना."

"मंग ही बाटली तू पिली."

मी मान हलवली.

संध्याकाळी मी नानांना घरी पोचवलं. खरं तर मी त्यांना धरलं होतं, पण ते मोठ्यानं म्हणत होते, "धीरे चाल! पडशील!" आणि गावानं विश्वास ठेवला हो! कारण लाजेनं माझा चेहरा लाल, भीतीनं पाय लटपटलेले, तोंडातून शब्द फुटत नाही. पिणारा माणूस याहून वेगळा काय दिसतो? मारुतीच्या पारावर नानांनी माझ्याकडून शपथ घेतली, पुन्हा शिवणार नाही म्हणून. ती शपथ मी अगदी सहज पाळली आहे.

लग्न झालं. 'बिघडलेला पोरगा नानांनी पदरात घेतला' म्हणून नानांचा मान उलट वाढला. सुमन कितीतरी महिने माझं तोंड हुंगून मला घरात घ्यायची. दारूबंदीच्या सभेत नाना मला दरवर्षी मंचावर उभं करायचे. "हा माझा जावई! काय होता, काय झाला!" टाळ्या! एकदा एक पिणारे गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून विचारायला आले, "तुम्ही कशी सोडली?"

मी खरं ते सांगितलं, "मी सुरूच केली नव्हती."

ते म्हणाले, "मी बी घरी हेच सांगतो."

लग्नानंतर काही वर्षांनी एका हिवाळ्यात सासरी भरीत ठरलं होतं. आदल्या दिवशी सभेनंतर नाना कानाशी आले. "तुझ्या मालकाचा मेव्हणा नही आला का रे औंदा? पोटात गुबारा धरस."

मला दया आली. देवपुरातल्या औषधाच्या दुकानातून मी चांगली मोठी बाटली आणली. खरं द्राक्षासव. फुलपात्रात ओतलं, भरताचं ताट पुढे ठेवलं. नानांनी डोळे मिटून घोट घेतला, वर घास घेतला. आणि दोन्ही थुंकले!

"गोड शे हे! गुळाचं पानी! भरतासंगे असं कोन देस?" माझ्याकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "इतला पेताड व्हता ना तू? मंग तुले इतलं बी कळस नही?"