घरी म्हणजे कुठे

आमच्याकडे 'घरी' म्हणजे धुळ्याकडचं गाव. पोटापाण्यासाठी आलो त्या भेस्तानची भाड्याची जागा ही नुसती 'खोली'; चार पैसे साठले की गावाकडे परतायचं, असं वडील सारखं म्हणायचे. नव्वदनंतरच्या एका मे महिन्यात वडिलांनी हौसेने, नेहमीच्या गावाऐवजी जीप करून आम्हाला सापुताऱ्याला नेलं. परतताना घाटात जीप बंद पडली. धाकटी बहीण तापाने फणफणलेली, पाणी संपलेलं, एकही गाडी थांबेना. आई रडकुंडीला येऊन सारखी म्हणत होती, "घरी न्या."

वडील वैतागले. "इथून गावाला कसं नेऊ?"

"गावाला कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भेस्तानला पोचलो. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटाने खोलीची भिंत थरथरत होती. एरवी त्या खडखडाटाला शिव्या देणारी आई त्याच भिंतीला पाठ टेकून बसली. बहिणीला म्हणाली, "झोप आता. घरी आलो."

वडील दारातच उभे राहिले. गावाकडे परतायचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.